दर पावसाळ्यात लेन्सवर धरणारी वाफ : बिघाड कॅमेऱ्यात नाही, बेडरूममध्ये सापडला

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते लगेच कळेल.

जून ते सप्टेंबर. सकाळी सहाच्या सुमाराला कॅमेरा गळ्यात अडकवून मी घराखाली उतरतो. मुंबईतल्या कीर्ती कॉलेजच्या मागच्या किनाऱ्यावर पोचायला सात-आठ मिनिटं लागतात. तिथून दादर चौपाटी, चैत्यभूमी आणि पुढे माहीमच्या रेतीबंदरापर्यंत. सुकती, म्हणजे ओहोटी, असली तर जमेल तितकं वाळूवरून, नाहीतर रस्त्याने. पश्चिमेचा किनारा असल्याने सकाळचा उजेड पाठीमागून येतो आणि थेट वांद्रे-वरळी सी लिंकच्या तारांवर पडतो. हा उजेड फार वेळ टिकत नाही. नेमक्या त्याच वेळात माझे फोटो पातळ ताकासारखे यायचे. तारा गायब, खांबांच्या कडा विरघळलेल्या, आकाश आणि पाणी एकच. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सगळं स्वच्छ व्हायचं, पण तोवर उजेडही गेलेला असायचा. रोज नाही. कधी सलग चार दिवस, कधी दोन दिवस अजिबात नाही. या लहरीपणामुळेच तीन पावसाळे वाया गेले.

पहिल्या वर्षी वाटलं, फोकस चुकतोय. मॅन्युअल करून पाहिलं, तेच. दुसऱ्या वर्षी ठरवलं की समुद्रावर सकाळचं धुकंच असणार. मग लक्षात आलं की त्याच जागेवरून मोबाईलने काढलेल्या फोटोत सी लिंक ठसठशीत येतोय. धुकं माणूस बघून थोडंच पडतं! तिसऱ्या वर्षी लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. आठवड्याने साफ करून परत मिळाली आणि दोन दिवस फोटो असे लख्ख आले की मी चार जणांना त्याचा पत्ता देऊन मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताक.

छडा लागला तो मुलाच्या सर्दीमुळे. लेन्स परत आली त्या दोन रात्री त्याला सर्दी होती म्हणून एसी बंद होता. तिसऱ्या रात्री त्याला बरं वाटलं, एसी २४ वर लागला आणि सकाळी लेन्स आंधळी. दुरुस्तीवाल्याचा यात ना दोष, ना श्रेय. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने टिपायला लागलो : रात्री एसी चालू की बंद, किती अंशांवर, सकाळी फोटो कसे. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. एसी बंद किंवा २७ वर, तर फोटो स्वच्छ. २२ वर, तर हमखास वाफ. २४-२५ वर मात्र कधी हो, कधी नाही. हा मधला पट्टाच मला इतकी वर्षं चकवत होता.

खरं तर चष्मा लावणाऱ्याला हे फार आधी कळायला हवं होतं. एसी लोकलमधून दादरला फलाटावर पाय ठेवला की दोन्ही काचा पांढऱ्या होतात आणि क्षणभर जिना कुठे आणि माणसं कुठे ते कळत नाही. काच थंड, बाहेरची हवा गरम आणि ओली. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला जसा घाम फुटतो, तसंच. फरक एवढाच की चष्म्याची काच पातळ असते, मिनिटभरात हवेइतकी तापते आणि मोकळी होते. लेन्समध्ये दहा-पंधरा जाड काचा आणि वर धातूची नळी. तिला तापायला अर्धा तास सहज लागतो. मोबाईलला हे जाणवत नाही कारण तो खिशात अंगाच्या उबेला असतो आणि त्याच्या कॅमेऱ्याची काच असते तुरीच्या दाण्याएवढी.

दवबिंदूचा हिशेब

काचेवर पाणी धरेल की नाही हे बाहेरचं तापमान एकटं ठरवत नाही. हवेत किती ओल आहे, त्यावर एक उंबरठा ठरतो. त्याला दवबिंदू म्हणतात. तुमची काच त्या उंबरठ्यापेक्षा थंड असेल तर वाफ धरणार, गरम असेल तर नाही. मध्ये काही नाही.

हा दवबिंदू काढायची एक ढोबळ रीत आहे आणि मुंबईच्या हवेला ती छान लागू पडते. आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल त्याला पाचाने भागा आणि तो आकडा तापमानातून वजा करा. समजा सकाळी २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता आहे. शंभरला १५ कमी, भागिले ५ म्हणजे ३. २९ वजा ३, दवबिंदू २६. आता तुमचा कॅमेरा रात्रभर २४ अंशांच्या खोलीत होता, म्हणजे तो उंबरठ्याच्या दोन अंश खाली आहे. वाफ धरणारच. रात्रभर पाऊस पडून सकाळी २६ अंश आणि ९० टक्के असेल, तर दवबिंदू २४. तोच कॅमेरा, तोच एसी, आणि वाफ धरेलच असं नाही. माझ्या कॅलेंडरवरचा मधला पट्टा असा सुटला. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ही रीत बिघडते, पण आपल्याला पावसाळ्यात त्याची काळजी नाही.

जानेवारीत हे दुखणं का नसतं, तेही यातच आलं. पहाटे २० अंश आणि ६५ टक्के धरा : दवबिंदू १३. इतकी थंड काच मुंबईत मिळणार कुठे? फ्रीजमध्ये ठेवली तरच.

आणखी एक खोच. रिमोटवर २४ दिसतं म्हणजे कॅमेरा २४ वर असतो असं नाही. माझी बॅग एसीच्या बरोबर समोरच्या फळीवर असायची, थेट झोताखाली. मी तिथे एक छोटा हायग्रोमीटर ठेवला. हा तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा डबीएवढा प्रकार असतो, ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. सकाळी त्यावर २१ होतं. म्हणजे २६ वर एसी लावला तरी फळीवरचा कॅमेरा त्याहून थंड असू शकतो. आधी बॅगेची जागा बघा, मग रिमोटवरून भांडा.

वाफ नेमकी कुठे धरली आहे

हे न पाहता पुसायला घेऊ नका. मी तेच करत होतो. पुढची काच पुसायची, दहा सेकंद बरं दिसायचं, पुन्हा पांढरं. काच थंड आहे तोवर तुम्ही पुसत राहाल आणि हवा पाणी देत राहील. वर किनाऱ्यावर काचेला खारे कण चिकटलेले असतात. ते तुम्ही कापडाने काचेवर घोटता. समस्या तशीच राहते, ओरखडे मात्र नवे येतात.

प्रथम कॅमेरा समोर धरून लेन्सच्या काचेकडे तिरकं बघा. वरच पांढरट असेल तर तो सगळ्यात सोपा प्रकार : थांबा, आपोआप जाईल. समोर यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून पाहा. फिल्टरची काच पातळ असल्याने लवकर तापते आणि वरून स्वच्छ दिसते, पण त्याच्या मागे अडकलेल्या हवेत लेन्सची काच अजून थंडच असते. माझ्या बाबतीत पंधरा मिनिटांनंतरची वाफ बहुतेक वेळा या दोन काचांच्या मध्येच असायची. आता जून लागला की मी फिल्टर घरीच ठेवतो आणि त्याऐवजी लेन्सचं हूड, म्हणजे पुढची गोल झालर, लावतो. तुषारांपासून थोडा बचाव त्यानेही होतो.

पुढून सगळं स्वच्छ आहे, व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतंय, पण निघालेला फोटो चांगला आहे, असं असेल तर फक्त तुमच्या डोळ्याकडची काच धुरकट आहे. याची चिंता नको. उलट, पुढची काच स्वच्छ दिसतेय आणि फोटो मात्र धूसर येतोय, तर वाफ लेन्सच्या मागच्या काचेवर किंवा फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर आहे. हा सगळ्यात वाईट प्रकार आणि तो आपणच ओढवून घेतो. थंड कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर पोचायचं आणि तिथे लेन्स बदलायची, म्हणजे समुद्राची ओली हवा थेट आतल्या थंड भागावर सोडायची. तसं झालंच असेल तर काही पुसू नका, कॅमेरा बंद करा, झाकण लावा आणि चहाच्या टपरीवर अर्धा तास घालवा.

झूम लेन्सवाल्यांसाठी आणखी एक. नळी पुढेमागे सरकणारी लेन्स म्हणजे सायकलचा पंपच. प्रत्येक वेळी बाहेर ओढली की ती बाहेरची हवा आत घेते. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं झूम हलवायचा नाही. एका जागी ठेवा आणि पायांनी पुढेमागे व्हा. मी याच कारणाने पावसाळ्यात साधी ३५ मिलिमीटरची लेन्स नेतो. तिच्यावर झूमइतका जीवही जडलेला नाही, हे दुसरं कारण.

घाईत मी एकदा बायकोचा हेअर ड्रायरही वापरला आहे. पुढची काच तापली, वाफ गेली, मी खूश. खाली जाऊन झूम फिरवला तर आतली थंड काच पांढरी. शिवाय लेन्समधल्या वंगणाला आणि काचा जोडणाऱ्या चिकटीला असा भडका सोसत नाही. करू नका.

भाचीची तीच गोष्ट, उलट्या दिशेने

या हिशेबाची खात्री मला पटली ती कॅनडातून आलेल्या एका फोनमुळे. माझी भाची हॅलिफॅक्सला असते, अटलांटिकच्या काठावर. तिलाही माझ्यासारखीच खोड आहे. घराजवळच्या किनाऱ्यावर बर्फ पडला की कॅमेरा घेऊन निघायचं. जानेवारीत एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन आला, तिकडे सकाळचे नऊ होते. "मामा, फोटो मस्त आलेत, पण घरात आल्यावर कॅमेरा आतून-बाहेरून ओला झालाय. बाहेर तर पाऊसही नव्हता!"

ती उणे आठ अंशांत तासभर फिरून आली होती. कॅमेराही उणे आठच्या जवळपास. घरात २१ अंश आणि हीटरमुळे कोरडी हवा, साधारण ४० टक्के. अशा कोरड्या हवेचाही दवबिंदू सात-आठ अंश असतो. म्हणजे तिचा कॅमेरा उंबरठ्याच्या पंधरा अंश खाली! आमचं दुखणं दोन अंशांचं, तिचं पंधरांचं. आमच्याकडे वाफ घरातून बाहेर पडताना धरते, तिच्याकडे बाहेरून घरात येताना. इतकाच फरक.

तिच्यासाठीचा उपाय बर्फाळ देशांत सगळेच करतात. बाहेर असतानाच, थंडीतच, कॅमेरा झिप लागणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, तोंड बंद करायचं आणि मग घरात यायचं. पाणी धरतं ते पिशवीला बाहेरून, आतला कॅमेरा कोरडा राहतो. खोलीइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, दोन तास धरा. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून खिशात टाकायचं, नाहीतर फोटो बघण्याच्या उतावीळपणात पिशवी उघडली जाते. तिने पहिल्या वेळी तेच केलं. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून जादाची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवते म्हणाली. त्या बाबतीत मुंबईकर सुखी.

हीच पिशवी आपल्याकडे उलटी चालते. एसीच्या खोलीत असतानाच कॅमेरा पिशवीत घालून बंद करायचा आणि मग खोलीबाहेर आणायचा. गणपतीपुळ्याला हॉटेलात उतरलो की मी असंच करतो : रात्री पिशवी बंद करून बाथरूममधल्या फळीवर ठेवून देतो, कारण एसीचा झोत तिथवर पोचत नाही. सकाळी बाहेर पडेपर्यंत कॅमेरा हवेइतका गरम झालेला असतो. पिशवी नसेल तर बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास आधी बॅग बाल्कनीत नेऊन ठेवा. तेवढ्यानेही बरंच काम होतं.

घरचा कायमचा उपाय, आणि बुरशीची भानगड

आता कुणी म्हणेल, मग कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवूच नका, सरळ बाहेरच्या खोलीत ठेवा. मीही एक पावसाळा तसाच केला. वाफ गेली आणि बुरशी आली. दिवाळीत लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. आर्द्रता आठवडेच्या आठवडे ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच येते. बुरशी जुनी झाली की काचेवरचा लेप कोरून टाकते, मग साफ करूनही डाग राहतो. माझी ती लेन्स आता फक्त दिवसाढवळ्याची झाली आहे. दिवे समोर आले की पांढरी झाक येते.

एसीच्या खोलीत वाफ, बाहेरच्या खोलीत बुरशी. इकडे आड, तिकडे विहीर. सुटका कशात, तर कॅमेऱ्याला हवी कोरडी हवा, पण गार नको. या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकच समजत होतो. उपाय साधा निघाला : रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि तोच डबीएवढा हायग्रोमीटर, आणि हा डबा ठेवायचा एसी नसलेल्या जागी. डबा ओल आत येऊ देत नाही, पण उष्णता येतेच. म्हणून कॅमेरा राहतो कोरडाही आणि घरच्या हवेइतका गरमही. बंद फ्लॅटच्या पॅसेजमध्ये रात्री बाहेरपेक्षा एक-दोन अंश जास्तच असतात, त्यामुळे सकाळी कॅमेरा उंबरठ्याच्या वर असतो. थेट खाली उतरा आणि पहिल्या मिनिटापासून फोटो काढा.

आमचा डबा चपलांच्या स्टँडच्या वर आहे. आधी स्वयंपाकघरात ठेवला होता, पण झाकण उघडलं की फोडणीचा तेलकट वास आत जायचा आणि तेलाचा थर काचेवर बसायला वेळ लागत नाही. चपलांच्या वर ठेवण्यावरून आजीने बोलून घेतलं. दसऱ्याला ज्याची पूजा करता ते यंत्र चपलांवर? तिचं म्हणणं रास्त आहे, म्हणून मध्ये एक फळी बसवून घेतली.

डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली की पुरे. तीसच्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं म्हणतात. सिलिका जेल घेताना रंग बदलणारं घ्या. नारिंगी असेल तर ओल पिऊन हिरवट होतं. निळं मिळतं ते गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर नारिंगीच आणा. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला लागतं. स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्याचं ताट वेगळं ठेवा. जुलैत मला दर तीन आठवड्यांनी तापवावं लागतं, ऑक्टोबरनंतर विसरलो तरी चालतं.

तांदळाचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नको. मिठाच्या बरणीत चार दाणे टाकणं वेगळं आणि कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरणं वेगळं. पावसाळ्यात आपला तांदूळच ओल धरून असतो, त्याचा पिठूळ भुगा झूमच्या खाचांत जातो, आणि टोके निघाले तर तेही! डांबराच्या गोळ्याही डब्यात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

वाफ गेली, तरी फोटो धूसर

मग ते मीठ आहे. हे दुसरं दुखणं वाफेच्या पाठीमागे लपलेलं असतं आणि पहिलं बरं झाल्यावरच दिसतं.

मीठ हवेतली ओल ओढतं. शुद्ध मिठाला ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत पाणी सुटतं आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने त्याला त्याहून कमीतही सुटतं. पावसाळ्यात ओट्यावरची मिठाची बरणी कशी पाझरते ते आठवा. तुमच्या लेन्सवर उडालेल्या तुषारांचं तेच होतं : ते चार महिने कधी वाळतच नाहीत. काचेवर एक चिकट, अर्धपारदर्शक थर राहतो, कोरड्या कापडाने तो नुसता पसरतो. नोव्हेंबरात तोच वाळून कणकण होतो आणि तेव्हा पुसलं तर ओरखडे.

म्हणून आधी रबरी ब्लोअरने सुटे कण उडवायचे. मग मायक्रोफायबरचा एक कोपरा डिस्टिल्ड पाण्याने, गाडीच्या बॅटरीत घालतात त्याच, जेमतेम ओला करायचा आणि मधून बाहेर हलक्या हाताने फिरवायचा. मीठ विरघळून कापडात येतं. नंतर दुसरं कोरडं कापड. लेन्सवर थेट पाणी टाकायचं नाही. कॅमेऱ्याची बॉडी, पट्ट्याच्या कड्या आणि ट्रायपॉडचे पायही असेच ओल्या फडक्याने पुसा. माझ्या ट्रायपॉडचे स्क्रू गंजले ते पावसाने नाही, न पुसलेल्या खाऱ्या पाण्याने.

तुषार किती उडतील याचा अंदाज कॅलेंडरवरूनच येतो. जुन्या माणसांची रीत अशी : तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मोठी भरती दुपारच्या आसपास आणि मध्यरात्री. पालिका ज्या साडेचार मीटरच्या वरच्या भरतींचा इशारा देते त्या या दिवसांतल्या. त्या दिवशी सकाळी सहाला समुद्र लांब गेलेला असतो आणि वाळूवर आरामात चालता येतं, दुपारी मात्र त्याच जागी लाटा भिंतीवर आपटतात. मी पौर्णिमेच्या आगेमागे पहाटेच जाऊन येतो. दुपारी उधाण पाहायचं असेल तर कॅमेरा घरी, छत्री हातात. लाट अंगावर घेऊन फोटो काढण्यात मला तरी काही पराक्रम वाटत नाही, आणि तिथे दर वर्षी कुणी ना कुणी ओढला जातो.

फेसाचा फोटो करडा येतो याची तक्रारही पुष्कळ जण करतात. तो बिघाड नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते सरासरी करडं आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये पांढरा फेस किंवा पावसाळी पांढरं आकाश भरलं की तो उजेड कापतो. भाचीचा बर्फ याच कारणाने राखेसारखा यायचा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) अधिक एकवर न्या, बर्फाला कधी अधिक दीडही लागतं. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकतोय असं दिसलं की थोडं मागे या.

फेरफटका मारून घरी आलात की एसीच्या खोलीत जायला हरकत नाही. गरम कॅमेरा थंड, कोरड्या हवेत आला तर त्यावर वाफ धरत नाही. पण भिजलेला कॅमेरा तसाच डब्यात कोंबू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून दोन तास पंख्याखाली राहू द्या, हायग्रोमीटरकडे एक नजर टाका, मग आत.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट माझ्याकडून सुटलेली नाही. चालून घाम आलेला असतो, चेहरा तापलेला असतो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आपल्याच श्वासाने ती काच पांढरी होते. चष्मा असला तर दुहेरी. काचेला लावायचे वाफरोधक द्रव मिळतात, मी दोन आणले, एकाने डाग पडले आणि दुसरं दहा मिनिटं टिकलं. सध्या मी डोळा लावण्याआधी श्वास सोडतो, रोखून धरतो, फोटो काढतो आणि मग घेतो. रेतीबंदरावर होड्या ओढून बसलेले कोळी, ज्यांची जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ज्यांना बघायला दुसरं काही नसतं, ते मला विचारतात, "काय दादा, बुडी मारताय काय?"